तळमजल्यावरचं प्रवाहशास्त्र

सिर्गा प्रवाहशास्त्राची इंजिनीअर झाली त्या दिवशी तिच्या माहेरी मेंढा कापला होता. पुढे लग्न झालं, एर्मेक झाला, एर्मेकला दोन दात आले, आणि या शिक्षणाचं करायचं काय हा प्रश्न मात्र मेंढ्याच्या दिवशी होता तिथेच ठाण मांडून राहिला. पाणी, तेल, दूध, वाफ, जे जे म्हणून नळीतून वाहतं त्याची गणितं तिला तोंडपाठ. पण ताराझ शहरात ही गणितं कुणाला हवी आहेत, ते काही केल्या कळेना. जाहिराती चाळाव्यात तर हिशेबनीस पाहिजे, नाहीतर केक सजवणारी पाहिजे.

सासूबाईंचं, झेयनेप आपांचं, बाजारात पडद्यांचं दुकान होतं. बाई मनाने लोणी, जिभेने सुरी, आणि काटकसरी इतकी की घरचा नळ रात्रभर थेंब थेंब सोडून बादली भरायची. सुनेवर जीव होता, म्हणूनच तिला दुकानात आपल्या शेजारी बसवायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"केलिन, मला एवढंच सांग," त्या म्हणत (केलिन म्हणजे सूनबाई), "तू शिकायच्या आधी पाणी वाहत नव्हतं का?"

वाहत होतं आपा, असं सिर्गा म्हणे.

"मग आता तुझ्यावाचून त्याचं काही अडलंय?"

यावर सिर्गा पुस्तकात उत्तर शोधायला बसे. शेवटी येरबोलातने, म्हणजे सिर्गाच्या नवऱ्याने, मध्ये पडून तोडगा काढला. नाउरीझच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणापर्यंत शिक्षणाला शोभेल असं काम मिळालं तर ठीक. नाहीतर सण झाल्यावर सिर्गाने मुकाट्याने दुकानात बसून झालरी विकायच्या.

झालरींशी तिचं वैर नव्हतं. पण झालर दिसली की तिला तिच्या लाटांची उंची मोजावीशी वाटे, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना लाटा मोजत बसणारी विक्रेती कुठल्याच दुकानाला परवडत नाही. त्यात सण तोंडावर आला होता. एर्मेकला थोपटताना तिच्या मनात येई. हे पोर मोठं होईल, आई काय शिकली म्हणून विचारेल, आणि आपण त्याला पडद्याचं कापड दाखवणार.

तिने कॉलेजातल्या रिस्ती आपायना, म्हणजे रिस्ती बाईंना, फोन केला. आपाय आता निवृत्त झाल्या होत्या, पण विद्यार्थ्यांना झापायचं काम अजून सुटलं नव्हतं. त्यांनी आधी झापून घेतलं आणि मग समजावलं. जाहिराती बघून इंजिनीअरला दिशा सापडत नाही, माणसांत जावं लागतं. प्रत्येक शास्त्राच्या लोकांचं आपापलं मंडळ असतं. गंज रोखणाऱ्यांचं असतं, वेल्डिंगवाल्यांचं असतं, मातीवाल्यांचं असतं. आपल्या शिक्षणातून माणूस कुठकुठे पोचू शकतो, हे तिथल्या लोकांना पाहून कळतं. आणि येत्या शनिवारी जुन्या संस्कृती भवनात प्रवाह अभियंता मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता.

"जा आणि तोंड उघड," आपाय म्हणाल्या. "प्रत्येकाला विचार, तुम्ही काय करता, इथवर कसे आलात. उभं राहून बोलायची वेळ आली तर लाजू नकोस. मुद्द्याचं बोल आणि बस."

शनिवार म्हणजे बाजाराचा मुख्य दिवस, तेव्हा एर्मेकला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. सिर्गाने ठेवणीतला निळा पोशाख घातला, आईने दिलेली चांदीची कर्णफुलं घातली, एर्मेकचं तोंड पुसलं आणि त्याला कडेवर घेऊन निघाली.

संस्कृती भवनाच्या दाराशी एक म्हातारा पहारेकरी बसला होता. त्याने चष्म्यावरून नजर टाकली. तरुण बाई, ठेवणीतला पोशाख, कडेवर मूल, शनिवार. अशी बाई कुठे निघाली असते हे विचारायला तो काही काल जन्मला नव्हता. तळमजल्यावरच्या मोठ्या सभागृहात त्या दिवशी पाळण्याचा तोय होता, म्हणजे नव्या बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायची मेजवानी. सिर्गा "मंडळाचा कार्यक्रम" एवढं म्हणते न म्हणते तोच त्याने डावीकडचं दार उघडून तिला आत सारलंसुद्धा.

"पळ लवकर," तो म्हणाला, "मांस आलंय."

मंडळ होतं वरच्या मजल्यावर.

आत फुगे, गाणी, लांबच लांब टेबलं, आणि घोड्याच्या मांसाचा असा काही घमघमाट की सिर्गाला मंडळाबद्दल एकदम आदरच वाटला. सुवर्णमहोत्सव करावा तर असा. समोर व्यासपीठावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं आणि त्याला फीत बांधली होती. नव्या पंपाचं अनावरण दिसतंय, तिने ताडलं.

तिला कुणी अडवलं नाही, कारण बाळाच्या बापाकडच्यांना वाटलं ही आईकडची, आणि आईकडच्यांना वाटलं ही बापाकडची. विचारून व्याह्यांचा अपमान कोण करणार? दोन्हीकडचे एकमेकांवर ताण करत तिला चांगल्यातली चांगली जागा देत गेले, आणि शेवटी ती दारापासून सर्वांत लांब, मानाच्या जागी, तोरवर जाऊन बसली. येरबोलातच्या काकांनासुद्धा एवढ्या वर्षांत कुणी तोरवर बसवलं नव्हतं.

शेजारी चमकीचं जाकीट घातलेल्या एक ऐसपैस बाई होत्या. सिर्गाने आपायचा सल्ला आठवून सुरुवात केली. इथे येणं कसं झालं, तिने विचारलं. नवऱ्यामुळे, बाई म्हणाल्या. दोघंही एकाच क्षेत्रात, याचं सिर्गाला कौतुक वाटलं. नव्या माणसाला सदस्य व्हायचं असेल तर काय लागतं?

बाई कणकेचा तळलेला बाउरसाक चावता चावता विचारात पडल्या. "मुलगी द्यावी लागते," त्या म्हणाल्या. "नाहीतर घ्यावी लागते. तिसरा मार्ग मला तरी माहीत नाही."

इंजिनीअर लोक रुक्ष असतात हे खोटंच म्हणायचं. सिर्गा मनापासून हसली आणि तिने पुढे विचारलं, की या क्षेत्रात तरुणांना वाव कितपत आहे. बाईंनी पलीकडच्या टेबलावरच्या सुनांकडे एक नजर टाकली. भरपूर आहे, त्या म्हणाल्या, वर्षाला एक तरी नवा येतोच.

सिर्गाच्या दुसऱ्या हाताला एक उंच, वाकलेले गृहस्थ बसले होते. ते इतकी मान खाली घालून जेवत होते की नाक रश्शात बुडायचं बाकी होतं. आता सांगायला हरकत नाही, हे गृहस्थ म्हणजे प्रवाह अभियंता मंडळाचे अध्यक्ष, सापारगाली आगाय, म्हणजे सापारगाली सर. वरच्या मजल्यावर चहा, कोरडी बिस्किटं आणि चिटणीस बाईंचा वार्षिक अहवाल चालू होता. खालून जिन्याने वास वर आला. "आलोच," असं म्हणून आगाय उठले आणि वासामागोमाग खाली उतरले. तोयमध्ये कोण कुणाला विचारतो? त्यांच्या पुढ्यात ताट आलं, आणि आता पहिली बरगडी हातात घेणार, तोच शेजारच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "आगाय, तुम्ही मंडळात किती वर्षं आहात?"

आगायांनी हात मागे घेतला.

"हळू बोल, पोरी," ते कुजबुजले. "राउशानने पाठवलं का तुला?"

राउशान म्हणजे चिटणीस बाई. सिर्गा म्हणाली, नाही, मला रिस्ती आपायनी पाठवलं. हे ऐकून ते आणखीच पांढरे पडले, कारण रिस्ती आपाय त्यांनाही शिकवून गेल्या होत्या. मग त्यांनी मांडवली केली. एवढं मांस संपेपर्यंत तिने कुणाला काही सांगायचं नाही, आणि तोवर ती जे विचारील त्याचं उत्तर ते देतील.

सिर्गाला काही उमगलं नाही, पण उत्तरं हवीच होती. आणि आगाय बोलायला लागले की छान बोलत. प्रवाह शिकलेली पोरं फक्त धरणाचीच स्वप्नं बघतात, ते म्हणाले, आणि धरणं काय रोज बांधत नाहीत. पण दुधाच्या कारखान्यात नळ्याच नळ्या. सलाइनच्या नळ्या बनवतात तिथे एकेका थेंबाचं गणित. आग विझवणाऱ्या बंबाला दाब लागतो, कालव्याचं पाणी गावागावांत वाटायचं तर माप लागतं, घरोघरचे मीटर तपासायची प्रयोगशाळा असते. त्यांचा एक विद्यार्थी तर चॉकलेट कारखान्यात पातळ चॉकलेट नळीतून खेळवतो, आणि त्याच्याकडे बघितलं की कळतं, तो अधूनमधून नळीजवळ तोंड नेत असणार. या जागांची जाहिरात कधी येत नाही. मंडळात एक जण दुसऱ्याला विचारतो, तुझ्याकडे कुणी आहे का, आणि काम होतं.

सिर्गाचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं बंद भिंत म्हणून जिच्याकडे बघत होती, तिला कितीतरी दारं होती. तिने अधीर होऊन विचारलं, की ही माणसं आता इथे आहेत का.

आगायांनी छताकडे पाहून उसासा सोडला. "आहेत. पण जरा वर आहेत."

फार वरच्या पदावर आहेत, असा सिर्गाने अर्थ घेतला.

तेवढ्यात बाळाची पणजी उल्बोसिन आजी परात घेऊन आली. परातीत मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज. हा घास व्याह्यांना हाताने भरवायचा असतो, आणि एका परातीतून ज्यांनी तो खाल्ला ते जन्माचे व्याही. मग भांडण झालं तरी नातं तुटत नाही. इंजिनीअरांच्या सभेत हे कशाला, अशी शंका सिर्गाच्या मनाला चाटून गेली. पण ताराझमध्ये दाताचा दवाखाना उघडला तरी निम्मं लग्न लावून टाकतात. शिवाय म्हातारीचा हात तोंडापर्यंत आलेला, नाही कसं म्हणायचं? तिने तोंड उघडलं. सापारगाली आगायांनीही डोळे घट्ट मिटून उघडलं. त्यांना माहीत होतं, हे नुसतं जेवण चोरणं राहिलं नव्हतं.

मग सूत्रधाराने माइक हातात घेतला आणि व्याह्यांकडून दोन शब्द, अशी घोषणा केली. गाण्याच्या गोंगाटात सिर्गाला फक्त "दोन शब्द" ऐकू आलं, आणि माइक तिच्यासमोर आला.

ती उभी राहिली. एर्मेक मांडीवरून कडेवर गेला. झालरींची आठवण झाली आणि आवाज फुटला.

"मी सिर्गा," ती म्हणाली. "मोठ्या नद्या, मोठी धरणं सगळ्यांनाच दिसतात. माझा जीव लहान नळीत रमतो. लहान नळीकडे कुणी बघत नाही, पण ती गळली की घरातल्या सगळ्यांची झोप उडते."

बायकांनी चमचे खाली ठेवले.

"आपण दोष नळीला देतो. पण गळती नळीत नसते, जोडात असते. नळी नीट टेकवली नाही, तिला उतार दिला नाही, की ओल पसरते. उगाच आवळलं तरी त्रास, सैल सोडलं तरी त्रास. हलक्या हाताने, रोज, न कंटाळता बघावं लागतं. मला हेच काम मनापासून आवडतं. मला एक संधी द्या. मी एक थेंबसुद्धा बाहेर जाऊ देणार नाही."

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. ज्या ज्या बाईने पाळण्याच्या तळाच्या भोकात बाळाची शू खाली नेणारी लाकडी नळी बसवली होती, आणि ती नीट बसली नाही म्हणून सकाळी दुपटी धुतली होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चमकीच्या जाकीटवाल्या बाईंनी सिर्गाला छातीशी धरलं. इतक्या तोयना गेले, त्या म्हणाल्या, सगळे नुसते सुखी रहा म्हणतात, कामाचं कुणी बोलत नाही. फक्त सापारगाली आगाय टाळी वाजवायला विसरले. जोडाबद्दल पोरगी बोलली ते बिनचूक होतं.

सूत्रधाराने फीत ओढली आणि कापड खाली आलं. लाल रंगाचा, नक्षीचा, नवा कोरा पाळणा.

पंप नव्हता. तरीही सिर्गाने मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला, की ही प्रतिकृती असेल. पण बायकांनी पाळण्याभोवती कडं केलं, वरून मूठमूठ गोळ्या त्या भोकात टाकल्या आणि "झाली का शी?" म्हणून विचारायला लागल्या. खाली हात धरून बसलेली पोरं "झाली, झाली" म्हणून गोळ्या पळवू लागली. मंडळाबद्दलची सिर्गाची शेवटची आशा त्या भोकातूनच खाली गेली.

एवढ्यात उल्बोसिन आजीने एर्मेकला तिच्या कडेवरून उचललंही होतं. आजीला दिसायचं बेताचंच. ती त्याला पाळण्यात निजवायला लागली, तर त्याचे पाय बाहेर. आजीने त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि थक्क झाली.

"चाळीस दिवसांत दोन दात," ती म्हणाली.

आमच्याकडे असंच असतं, बापाकडचे म्हणाले. आईकडचे म्हणाले, दात आमच्याकडून आलेत. वाद रंगणार, तोच बाजूच्या खोलीतून खरी आई खरं बाळ घेऊन बाहेर आली. बाळ केवढं, तर बाउरसाकएवढं. गाणं थांबलं. सगळ्यांनी एर्मेककडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि मग सिर्गाकडे.

"तू कुणाकडची गं?" आजीने विचारलं.

सिर्गाचा चेहरा बीटासारखा झाला. प्रवाह अभियंता मंडळाकडची, ती कशीबशी म्हणाली. आणि मग, कधीतरी सांगायचंच होतं म्हणून, सगळं सांगून टाकलं. शिक्षण, झालरी, तोंडावर आलेला सण, पहारेकरी. म्हणता म्हणता रडू आलं, आणि तिला रडताना बघून एर्मेकनेही पाळण्यातून भोकाड पसरलं. कुणीतरी सापारगाली आगायांना विचारलं, आणि तुम्ही कुणाकडचे?

"मीही तिकडचाच," आगाय खाली बघत म्हणाले. "मी तिथला अध्यक्ष आहे."

लोक हसायला लागले ते थांबेनात. पण आजी हसली नाही. ती आगायांसमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या हातचं काळीज खाल्लंस?"

खाल्लं, आगाय म्हणाले.

"हिनेही खाल्लं. एका परातीतून. म्हणजे तुम्ही माझे व्याही झालात, तसे एकमेकांचेही झालात. तुझी विहीण कामासाठी दारोदार फिरते, आणि तू इथे बसून बरगड्या चोखतोस?"

आता आगाय मोठे शास्त्रज्ञ होते, पण शास्त्राच्या आधी ते ताराझचे होते. खाल्लेल्या काळजाला नाही म्हणायची सोय नव्हती. वरच नेत होतो हिला, असं ते पुटपुटले.

"चल, मी पण येते," आजी म्हणाली. तिने एर्मेकला खांद्यावर टाकलं आणि दोन सुनांना मांसाच्या पराती उचलायला लावल्या.

वरच्या मजल्यावर राउशान बाईंचा अहवाल अजून चालूच होता. सभासद डोळे उघडे ठेवून झोपायची कला दाखवत होते. दार उघडलं, वास आत आला आणि सगळं मंडळ एकदम जागं झालं. कुठे होतात, राउशान बाईंनी थंड आवाजात विचारलं. नव्या सभासदाच्या शोधात, असं अध्यक्षांनी मान ताठ करत सांगितलं, आणि त्यांच्या मिशीवर चरबी चमकत होती म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.

खाली केलंस तेच भाषण कर, आजीने फर्मावलं. सिर्गाने केलं, शब्दाला शब्द तेच. इथे टाळ्या पडल्या नाहीत. इथे माना हलल्या आणि मग भांडण सुरू झालं. जोडात नव्हे, वाकणात गळतं, असं दुधाच्या कारखान्याचा माणूस म्हणाला. सिर्गाने त्याला दाबाचं गणित मांडून दाखवलं. सलाइनवाल्याने उताराबद्दल खोचक प्रश्न टाकला. त्याचंही उत्तर तिने दिलं. बोलता बोलता ती केव्हा फळ्यापाशी जाऊन पोचली हे तिलाच कळलं नाही. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणी "पुढे?" असं विचारत होतं. आजी कोपऱ्यात बसून सगळं समजल्यासारखी मान डोलावत होती, आणि तिच्या मांडीवर एर्मेक हात पसरून झोपला होता.

दूधवाला म्हणाला, चाचणीला ये. सलाइनवाला म्हणाला, शिमकेंतला राहायला येणार असशील तर जागा आहे. मग मीटरच्या प्रयोगशाळेतल्या काम्शात बाई बोलल्या. त्यांची अडचण वेगळीच होती. लोक रात्रभर नळ अगदी बारीक ठेवतात, थेंब थेंब बादली भरते, आणि इतका बारीक प्रवाह मीटरला कळतच नाही, काटा हलत नाही. थेंबसुद्धा टिपेल असं मीटर त्यांना बनवायचं होतं. मोठ्या प्रवाहाची माणसं पैशाला पासरी मिळत होती. लहान नळीत जीव रमणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं. सध्या अर्धा दिवस काम, प्रयोगशाळा इथेच ताराझमध्ये, सोमवारपासून यायचं.

सिर्गाने हो म्हटलं. म्हणताना हसू आवरेना, आणि का ते काम्शात बाईंना सांगता येईना.

जिन्यात येऊन तिने सासूबाईंना फोन लावला. मागून बाजाराचा कलकलाट ऐकू येत होता. झेयनेप आपांनी पहिल्यांदा एर्मेक जेवला का ते विचारलं, मग तू जेवलीस का ते विचारलं, मग कुठे बसवलं ते विचारलं. तोरवर, सिर्गा म्हणाली. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात आपांनी ते शेजारणीला सांगितलं.

"आणि काम मिळालं, आपा. सोमवारपासून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सुरीसारखी बाई, पण ओढलं नाक. एर्मेकला मी दुकानात माझ्याजवळ ठेवीन, त्या म्हणाल्या, पडद्यांत लपाछपी खेळेल. माझी सून इंजिनीअर आहे असं आता खुशाल सांगता येईल. मग जरा सावरून त्यांनी विचारलं, की काम नेमकं कसलं.

सिर्गाने सांगितलं. रात्री नळ बारीक ठेवून जे बादली भरतात, त्यांचा थेंब न् थेंब मोजेल असं मीटर बनवायचं.

पलीकडे आपा फोन घेऊन पडद्यांच्या मागे सरकल्याची सळसळ ऐकू आली.

"केलिन," शेवटी आपा हळूच म्हणाल्या, "पडदे काय वाईट होते गं?"